ताऱ्यांभोवतीची वलयं

अगं,

सकाळी बँकेत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. महिनाभर माझ्या आकाशाच्या फोटोंत प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय दिसत होतं, आणि बाबांच्या काचबिंदूची सुरुवात अशीच झाली होती. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत!

घरी येऊन, ज्यातून फोटो काढतो त्या छोट्या दुर्बिणीचं झाकण काढलं, तर भिंगावर तुझ्या फडक्याचा तेलकट फराटा. बाईसाहेब, भिंगावरची धूळ फोटोत दिसत नाही, पुसलेलं दिसतं. ते साफ करायचं औषध आणायला चाललोय.

इतके दिवस उगाच तुझ्यावर खेकसलो, राग सोड. आणि तुझा निळा कप मांजरानं फोडला नव्हता. मी डोळे मिटून ओट्यापर्यंत जायचा सराव करत होतो.