उडीचा कट्टा

क्रिस्तियानिया, ९ फेब्रुवारी १९०९

ती. तोर्ग्रीमकाकांना, शि. सा. न. वि. वि.

परवा तुमच्या टेकडीवर झालं ते असं:

१. स्कीवरच्या उड्यांच्या स्पर्धेआधी तुम्ही बर्फ आणि फांद्या घालून उडीचा कट्टा गुडघाभर उंच केलात.
२. पहिल्या चौघांनी बेतानेच उडी घेतली. ते उतारावर टेकले आणि घसरत खाली गेले.
३. माझा भाऊ आयव्हिन जोरात आला. उतार ओलांडून थेट सपाटीवर आपटला.
४. तो ओरडत असताना तुम्ही कर्ण्यातून विक्रम जाहीर केलात.
५. संध्याकाळी बातमीदाराला म्हणालात, पोरगा प्यायला होता.

आयव्हिन कॉफीपलीकडे काही पीत नाही. डॉक्टर म्हणतात, गुडघा पुन्हा वाकणार नाही.

मी रस्त्यांचे उतार आखते. हा उतारही मोजून आले आहे. उतारावर पडणारा वाचतो, सपाटीवर पडणारा मोडतो. कट्टा उतरवा. ‘लोभ असावा’ लिहायला आज हात धजत नाही.

आस्लौग

*

लिएन, १२ फेब्रुवारी

चि. आस्लौग हिस अनेक आशीर्वाद.

बाई गं, हे पत्र आहे की पंचनामा? आयव्हिनचं मलाही वाईट वाटतं. बातमीदाराला काहीतरी सांगणं भाग होतं. टेकडीला नावं ठेवली असती तर स्पर्धाच बुडाली असती.

तुमच्या राजधानीची माणसं आखूड उड्या बघायला आगगाडीत बसत नाहीत. ती आली तर हॉटेल भरतं, माझ्या कारखान्यातल्या स्की खपतात, निम्म्या गावाची चूल पेटते. तुझ्या शाळेची फीही त्याच चुलीतून गेली, विसरू नकोस.

एकवीस तारखेच्या स्पर्धेत आपला स्वैनुंग उडणार आहे. कट्टा घातक असता तर पोटच्या पोराला चढवलं असतं का? राग निवला की ये, काकूने तुझ्यासाठी तपकिरी चीज राखून ठेवलंय. आमची माया आटलेली नाही.

तुझा काका

*

क्रिस्तियानिया, १५ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

फी तुम्ही भरलीत, हे खरं. म्हणूनच मला उतार मोजता येतो.

स्वैनुंग चढणार, यावरून कट्टा ठीक असल्याचं सिद्ध होत नाही. त्याला तुम्हाला नाही म्हणता येत नाही, इतकंच सिद्ध होतं. काकूचं निराळं पत्र आलं. रविवारपासून तो पानावर बसतो आणि लापशी चिवडून उठतो. काकूने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आयव्हिनचा आवाज कानातून जात नाही. पण बाबांना सांगू नकोस, सगळ्या गावासमोर मला भित्रा म्हणतील. म्हणाल का, काका? मला वाटतं, म्हणाल. पोरगा स्वतःच्या बापापेक्षा त्या सपाटीला कमी घाबरतो.

तुम्ही कट्टा उतरवला नाहीत तर शनिवारी मी फावडं घेऊन टेकडीवर येईन. काकूने कळवलंय, दुसरं फावडं ती आणेल. गावासमोर काय म्हणायचं ते मग आम्हा दोघींना म्हणा.

कट्टा उतरवला की नाही, एवढंच गुरुवार, १८ तारखेपर्यंत कळवावे.

आस्लौग