शेणींची पाटी

रविवार, १२ जानेवारी २००३

आज मीही गेलो. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी दर रविवारी व्यायाम म्हणून स्मशानभूमीला दहनासाठी दानाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, वाहून नेतात. माझी पत्नी सुमती नेमाने जात असे. मी मात्र "हे आपल्याला शोभत नाही" म्हणून वर्तमानपत्र वाचत बसे. एकदाही सोबत का गेलो नाही? तीन महिन्यांपूर्वी तिचे दहन अशाच दानाच्या शेणींवर झाले.

स्मशानाच्या फाटकाशी पाय थबकले. शेजारचे पाटील म्हणाले, "सर, आणा हिकडं पाटी. तुमच्यानं व्हायचं न्हाय."

"होईल," मी म्हणालो, आणि आत जाऊन शेणी रचल्या.

हातांना वास राहिला आहे. रविवारी तिच्या हातांनाही असाच यायचा. "आधी हात धुऊन ये," एवढेच मी बोलत असे.

जेवणाची वेळ टळून गेली. मला हात धुववत नाहीत.