कमी दरातलं दर्शन

बाबा, काल आम्ही दोघं वडनेरहून खामगावला दवाखान्याच्या कामानं गेलो होतो. काम लवकर आटोपलं, परतीच्या एस.टी.ला वेळ होता, तर हे म्हणाले, चल, तुझ्या बापाच्या टॉकीजमध्ये चित्र पाहू. मी नव्या चित्राला पहिल्या आठवड्यात कधी जात नाही, ही तुमचीच शिकवण. पण बाहेर ऊन होतं, आत पंखे होते, म्हणून गेले. साडेतीन रुपये एकाचे. तीन मारामाऱ्या झाल्या, गाणी कोण कशासाठी म्हणतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मध्यंतराआधीच ह्यांचा डोळा लागला. बाहेर पडताना म्हणाले, "झोप चांगली झाली, पण महाग पडली." मी हसले, आणि तेवढ्यात फाटकाजवळचा बोर्ड दिसला. येत्या शुक्रवारपासून तेच आपलं जुनं पौराणिक चित्र, कमी दरात. तिथंच माझे पाय थांबले. त्या चित्राबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली.

तुम्ही तिथले मॅनेजर होता तेव्हा महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, लग्न ठरलेलं, म्हणून शनिवारी दुपारच्या बायकांच्या खेळाला तुम्ही मला बायकांच्या खिडकीवर बसवत होता. पुरुष बसला की खेड्यातल्या बाया तिकीट मागायला लाजतात, हे तुमच्याच लक्षात आलं होतं. शेठजींना जुनी चित्रं नको असायची. मला ते दोघांचं बोलणं अजून ऐकू येतं. तुमच्या खोलीत चहा आला आहे, शेठजी बशीत ओतून पिताहेत आणि म्हणताहेत, "मास्तर, पस्तीस पैशात देव दाखवून माह्यं लाईटबिल तरी निघते का?" तुम्ही म्हणता, "शेठजी, नवं चित्र कसं आहे हे कोणालेच ठाऊक नसते, आन् त्याचेच आपण साठ पैशे घेतो. जुनं चांगलं आहे हे समद्या गावाले ठाऊक, आन् ते आपण स्वस्तात देतो. उलटंच आहे सगळं. पण दहा नव्याईतल्या आठाईले लोकं शिव्या देत बाहेर निघतात, ते जुन्याच्या भरोशावर पुन्हा येतात." शेठजी म्हणाले, "तुम्ही कीर्तनच करा मास्तर." पण शनिवारचा खेळ त्यांनी तुमच्याकडे ठेवला.

त्या चित्राच्या पेट्या जलंबवरून छोट्या गाडीनं आल्या. तुम्ही आणि मशीनवाले काका, दोघांनी मिळून रिळं पाहिली, आणि रिळं पुरी मिळाली म्हणून पेटीबरोबरच्या कागदावर तुम्ही सही केली. बोर्डही तुम्हीच रंगवला. 'संपूर्ण चित्र' हे शब्द दरापेक्षा मोठे काढले होते. नवव्या रिळात भक्ताच्या हाकेला देव भिंतीतून प्रकट होतो आणि हात वर करतो, त्यासाठीच बाया येत. पण चित्र गावोगाव फिरून आलं की तो देव प्रत्येक वेळी थोडा कमी झालेला असायचा. का, ते मला त्या शुक्रवारी कळलं. मी वर काकांना डबा द्यायला गेले होते. ते नववं रीळ गुंडाळत होते. मला म्हणाले, "पाह्यतं का देव?" आणि त्यांनी पट्टी उजेडापुढे धरली. एकाखाली एक, लहान लहान चौकटीत तोच देव उभा. वरून खाली पाहत गेलं तर हात केसभर वर गेलेला दिसे. मला सासरी न्यायला देव हवा होता. आईनं तसबिरीचे पैसे वाचवायला सांगितले होते. मी म्हटलं, "काका, यातला एक तुकडा द्या न मले, देवघरात ठेवाले." काका म्हणाले, "तुटला असता त देलाच असता. पण सगळ्याच गावाईत काढतात. अकोल्याले काढला, मलकापूरले काढला. प्रसादच आहे तो." आणि त्यांनी हातभर कापून, दोन्ही टोकं चिकटवून रीळ पुन्हा लावलं. मी पट्टी पदरात बांधली. चोरी केली असं मनातसुद्धा आलं नाही. देव घेतला, एवढंच वाटलं.

शनिवारी तीन वाजता टॉकीज भरलं. पायरीवर नारळ फुटले. कोणी सांगितलं नसताना बायांनी चपला बाहेर काढल्या. एक म्हातारी जानेफळहून लेकीकडे आली होती, तिला आयुष्यातलं पहिलंच चित्र पाहायचं होतं. ती मला खिडकीतून विचारते, "देव कितीक वेळ दिसते वं बाई?" मी म्हटलं, "दिसते मावशी, बसा." मग देव प्रकट झाला. बायांनी हात जोडले, आणि देवापुढे हात जोडले की आपले डोळे आपोआप मिटतात. उघडले तेव्हा पडद्यावर भक्ताची बायको जात्यावर बसली होती. देव येऊन गेला होता. आधी कुजबुज झाली, मग आवाज वाढला, आणि वीस-पंचवीस बाया अनवाणी माझ्या खिडकीवर आल्या. म्हातारी पुढे होती. "बाई, देव कुठं गेला वं? मी त डोळे मिटले होते." मी घाबरले होते, बाबा. आदल्या दिवशीचं मला ठाऊक होतं. आणि माणूस घाबरलं की उद्धट होतं. मी म्हटलं, "जुनं चित्र आहे मावशी. कमी तिकिटात एवढंच दिसते." मागून एक ठसक्यात बोलली, "काऊन, साठ पैशे देले असते त देव थांबला असता का?" बाकीच्या हसल्या, पण म्हातारी हसली नाही.

तुम्ही माझ्या पाठीमागे कधी येऊन उभे राहिलात ते कळलं नाही. "ऊठ तिथून," एवढंच म्हणालात. मी उठले. सगळ्यांसमोर आवाज न चढवता तुम्ही बोललात, "दर आपण कमी केला बाई, त्याईनं नाही. कमी तिकिटावर आलेल्या माणसाले कमी समजाचं नसते." उभ्या जन्मात तुम्ही मला एवढंच रागावलात. मग तुम्ही आत गेलात, दिवे लावले आणि पडद्यापुढे उभे राहिलात. "बायाहो, देव पुन्हा येते. पण यावक्ती एक करा. हात जोडा, डोळे नका मिटू. त्याले घाई आहे." सगळं टॉकीज हसलं. एकीनं विचारलं, "दुसऱ्यांदा पाहाचे पैशे लागतीन का भाऊ?" तुम्ही म्हणालात, "नाही माय. पहिल्यांदा दिसलाच नाही त पैशे कायचे?" काकांनी रीळ मागे घेतलं. देव आला. काहींनी सवयीनं पुन्हा डोळे मिटलेच. म्हातारीनं मात्र मिटले नाहीत. बाहेर येऊन तिनं तुमच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "दिसला बावा."

या सगळ्यात अर्धा तास गेला. सहाच्या खेळाला नवं चित्र होतं, पूर्ण दराचे पुरुष फाटकाशी खोळंबले होते, शिट्या वाजत होत्या. कोणी ओरडत होतं, "मास्तर, देवाले घरी पोचवून आले का?" नेमके शेठजी त्याच वेळी टांग्यातून उतरले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि ते आत गेले. पेट्या परत गेल्यावर आठ दिवसांनी चित्र पाठवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की नववं रीळ तुमच्याकडे कमी झालं, येताना पुरं होतं, सही आहे. शेठजींनी ते तुमच्यापुढे ठेवलं. मी चहा घेऊन आले होते, काका दाराशी उभे होते. तुम्ही आम्हा दोघांकडे पाहून विचारलंत, "इथं कोणी कात्री लावली का?" काकांनी मान खाली घातली. घरी त्यांना पाच पोरं होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी कप ठेवत होते. तुम्ही जरा वेळ थांबलात, आमच्यासाठीच थांबलात असं आता वाटतं, आणि मग शेठजींना म्हणालात, "माह्या टॉकीजात कात्री लागली नाही. पण सही माही आहे." शेठजी म्हणाले, "मंग जबाबदारी बी तुमचीच, मास्तर." पहिल्या तारखेला तुम्ही किल्ल्या देऊन आलात. माझ्या लग्नात पाहुण्यांनी विचारलं तर तुम्ही सांगत होता, तेलाच्या गिरणीत लागलो, तिथं हवा बरी आहे. तिथली हवा कशी असते ते मी तुमच्या धोतरावर पाहत होते.

मी तेव्हा का बोलले नाही, याची कारणं मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी धरली. काकांची भाकरी जाईल. ठरलेलं लग्न मोडेल. ही कारणं खरीही आहेत. पण रोज सकाळी पूजेला बसून स्वतःशी तरी खोटं बोलू नये. तुम्ही मला बायकांसमोर उठवलंत याचा राग मनात होता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तो राग अजून गेला नव्हता. मला वाटलं, यांचंही एकदा असं चारचौघांत होऊ दे. एवढ्याशा रागाला केवढी किंमत लागते, हे त्या वयात कळत नाही. त्यानंतर, कालचं सोडलं तर, मी चित्राला दर कमी असेल तेव्हाच जाते. हे म्हणतात चिकटपणा. असेलही. पण मागच्या बाकावर बसून बाया काय म्हणतात ते ऐकायला मला आवडतं, आणि कोणी मध्येच 'आता काय झालं वं?' असं विचारलं तर मी शेवटपर्यंत नीट सांगते, तुम्ही सांगितलं असतं तसं.

शुक्रवारी ते चित्र लागेल. जावं की नाही, ठरत नाही. नवव्या रिळात आता काही उरलं असेल असं वाटत नाही. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, त्यामुळे टाकणार नाही. पण एक आहे, आणि तेच लिहायला इतका वेळ लावला. ती पट्टी आमच्या देवघरात आहे, काच लावून. नवी सून आली तेव्हा तिनं विचारलं, हा देव कुठला. ह्यांनी कौतुकानं सांगितलं, "हिच्या बापानं लेकीसाठी चित्रातून कापून देला, त्यापायी नोकरी गेली त्याईची." लग्न झालं त्या वर्षी ह्यांना मीच तसं सांगितलं होतं. सून तुमच्या त्या मायेला हात जोडते, आणि मी शेजारी बसून हो म्हणते.