फ्लेक्सवरची सुवर्णकन्या

बाई, अहमदपूरच्या बसस्टँडसमोर आपल्या पोरीचा फ्लेक्स लागला होता. तो बघून तुम्ही कपाळाला हात लावला असता. 'आपली' म्हणते, कारण तिला खो-खो मी शिकवला आणि मला तुम्ही. शाळकरी पोर आहे. मागून येणारीचा हात आता पाठीला लागणार असं वाटतं, तेवढ्यात ही खांबाला वळसा घालून पलीकडे गेलेली असते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली आणि घरी माईकवाल्यांची रीघ लागली. आपण राज्यात पहिल्या आलो होतो तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या होत्या, त्याही सोयाबीनच्या भावाखाली. तुम्ही तो पेपर भाकरीच्या टोपल्यात घातला होता.

एका चॅनलवाल्याला 'चूल सांभाळून मैदान गाजवणारी लेक' हवी होती, म्हणून तिला चुलीपुढं बसवलं. हिला भाकरी येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आईनं थापून दिली, हिनं कॅमेऱ्यासमोर तव्यावर टाकली आणि तीही दुमडली. मग प्रश्न आला, "गोल्ड पक्कं ना?" पोर हसत "हाव" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून भेटेल तो तेच विचारायला लागला, दुकानदार, कंडक्टर, शाळेचे शिपाई. संघातल्या बाकीच्या पोरींची नावं मात्र कुणी विचारली नाहीत. जणू ती एकटीच खेळायला जाणार होती.

फायनल हरलो. ही सुरुवातीलाच बाद झाली, पाय घसरला आणि मागचीनं सूर मारून तिला गाठलं. खेळात होतं असं. नांदेडला गाडीतून उतरलो, तिथून एसटीनं अहमदपूरला आलो, तर समोर हा फ्लेक्स. 'सुवर्णकन्येचे हार्दिक अभिनंदन.' फायनलच्या आधीच चढवून ठेवलेला. सत्काराची आपल्याकडे भारी घाई. पुढाऱ्यांचे चेहरे टोपलीएवढे आणि पोरीचा वाटीएवढा. तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि म्हणाली, "म्याडम, मी न्हाई खेळत आता." नंतर ती घराबाहेरच पडेना. कॅमेरेवाले पुन्हा आले. पोर दिसेना म्हणून त्यांनी आईला दारातच गाठलं, "नेमकं कुठं चुकलं?" आई म्हणाली, "चुकलं काय त्यात? पोरगी खेळून आली, चोरी करून न्हाई आली." बाई, त्या माउलीचे पाय धरावेसे वाटले मला.

पण पोरीचं काय करावं ते सुचत नव्हतं. समजूत घालणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाची समजूत शेवटी "पुढच्या वर्षी गोल्ड आण" इथंच येऊन थांबायची. तेव्हा मला तुमचं नांदेडचं स्वयंपाकघर आठवलं. सामन्याच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्या तुमच्याकडे मुक्कामाला आलेल्या. तुम्ही ताटात वरण-भात वाढताय, कुणी खेळाचं बोललं की हातातला वरणाचा डाव उगारताय, "जेवताना जेवा." आणि दुसऱ्या दिवशीचा निकाल काहीही लागो, परतल्यावर सकाळी मैदानावर पाणी मारून चुन्याच्या फक्कीनं रेषा आखायचं काम खेळून आलेल्या पोरीचं. शिल्ड आणली तरी तिचंच, हरून आली तरी तिचंच. मी एकदा पेपरचं कात्रण घेऊन मैदानावर आले होते. तुम्ही म्हणालात, "ते पिशवीत ठीव अन् फक्की घे. पोरी खोळंबल्यात." तेव्हा मला फार राग आला होता. आता कळतं, त्या मैदानावर आदल्या दिवशीचं काही राहू द्यायचं नाही, असा तुमचा दंडक होता.

मी पोरीला निरोप धाडला, उद्याची फक्की तुझ्याकडे. सकाळी गेले तर ती आधीच डबा घेऊन वाकलेली, अर्धं मैदान आखून झालेलं. डोळे सुजलेले होते, पण रेषा सरळ होती. कुणीतरी खबर दिली असणार, कॅमेरा घेऊन एक जण आलाच. माईक पुढं करून म्हणाला, "पुढच्या वर्षी गोल्ड आणीन, असा शब्द देणार का जिल्ह्याला?" मी पुढं झाले होते. तिनं हातानंच मला अडवलं. म्हणाली, "शब्द कशाचा देऊ, दादा? पाय घसरला तर घसरला. आता आमची प्रॅक्टिस हाय. बघायची तर बसा निवांत, पण लाईनीवर उभारलाव तुम्ही, तेवढं मागं सरका." आणि तो सरकला, बाई. फक्की बुटाला लागली म्हणून झटकत बाहेर गेला आणि कट्ट्यावर बसला. ती खांबापाशी गेली आणि धाकट्या पोरींसोबत धावायला लागली. मी शिट्टी वाजवायचीच विसरले.

फ्लेक्स अजून तिथंच आहे. ती आता त्याच्याखालून सायकल दामटत येते.

तुम्ही हयात असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. टाकायला निघाले असते आणि पोस्टाच्या दारातून परत आले असते, कारण आता लिहिते ती गोष्ट तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती. तुम्ही मला एकदाही शाबास म्हणाला नाहीत, आणि मी एवढी बाई झाले तरी त्याची वाट बघत होते. त्या सकाळी प्रॅक्टिस संपल्यावर मी पोरीला जवळ घेऊन म्हणाले, शाबास. बाई, ते तिच्याआधी मलाच ऐकू आलं.