सासऱ्यांचा रेडिओ आणि माझं सुरक्षित सॉल्व्हंट

३ मार्च, सोमवार
रविवारी सासरे येणार. लग्नानंतर त्यांनी आपला लाडका रेडिओ हिच्याबरोबर पाठवला होता. बावीस वर्षं माझ्या खुर्चीशेजारी आहे. रंग तपकिरी, स्पर्श चिकट. तंबाखूचा थर! जुन्या पिढीला धूर सोडताना कसलाच पाचपोच नव्हता. ही म्हणाली, बाबा थकलेत, पुन्हा येणं व्हायचं नाही, रेडिओ होता तसा दिसू दे. शब्द दिला. किरकोळ काम.

४ मार्च
हार्डवेअरवाला म्हणाला, थर विरघळवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पण जवळ आग नको. रद्द. विचार करायला मला सिगारेट लागते. ॲसिटोन घेतलं. त्यात आगीचं काय, हे मी विचारलंच नाही. आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा म्हणाला.

५ मार्च, सकाळी ११
चष्मा काढला. सगळीच जागा न दिसणारी झाली. लावलं.

११.१०
आवाजाचं बटण वितळलं. बोट त्यातच. ही खोकत खोकत आली, बोट सोडवलं, खिडकी उघडली. खोकला ॲसिटोनमुळेच. हिच्या छातीला सोसेल असं सॉल्व्हंट शोधणं माझं कर्तव्य!

७ मार्च
शेवटी आयसोप्रोपिल. हिने आधी माझ्या तोंडातली सिगारेट काढली, मग हातातली बाटली. उगाच घाबरते. दोन्ही माझ्या नजरेसमोर होत्या.

८ मार्च
साबणाचं कोमट पाणी, घट्ट पिळलेलं फडकं. वास शून्य. रेडिओ चक्क पांढरा निघाला! ही तरीही खोकतेय. साबण सोसत नसावा.

९ मार्च, रविवार
सासऱ्यांनी रेडिओवरून हात फिरवला. बटण गेलं तरी चालेल म्हणाले. मी मोठ्या मनाने म्हटलं, तुमच्या तंबाखूचा थर होता, पण जाऊ द्या. ते म्हणाले, जावईबापू, मी जन्मात सिगारेट ओढली नाही.

हिने माझा चष्मा काढला, त्याच साबणाच्या पाण्याने पुसला आणि परत लावला. फडकं तपकिरी. भिंत तपकिरी, पडदे तपकिरी, छत तपकिरी. पांढरा फक्त रेडिओ.

सासऱ्यांनी हिला विचारलं, खोकला किती वर्षांचा? ही म्हणाली, बावीस.

रात्री
भिंतीसाठी सॉल्व्हंट शोधायला हवं. विचार करायला गॅलरीत आलोय. काडेपेटी हिच्याकडे आहे. मागायचं धाडस होत नाही.