‘काढा’ कुणी म्हणायचं

सोमवार, ३

आजही ‘काढा!’ तीच ओरडली. मी तोंड उघडायच्या आत! गच्चीवर शंभरेक चादरी वाळत होत्या. सगळ्या कोरड्या खाली आल्या आणि दहाव्या मिनिटाला पाऊस. सासूबाई म्हणतात काय — "धाकटीची नजर घारीची हो!" सतरा वर्षं या लॉन्ड्रीत ‘काढा’ मी म्हणत आलेय. धाकट्या जाऊबाईंना येऊन सात महिने झाले. माझी नजर काय चिमणीची?

मंगळवार, ४

जेवताना शास्त्र! लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायची ना ती. ह्यांनीच विचारलं, ढग काळा का होतो म्हणून. सतरा वर्षांत मला कधी काही विचारलंय?

म्हणे, ढग मुळात काळा नसतोच. आतल्या थेंबांवर आपटून उजेड चहूकडे उडतो, म्हणून पातळ ढग पांढरा. ढग जाड झाला, थेंब दाटले, की उजेड बराचसा वरच्या वरच परत फिरतो. खाली आपल्यापर्यंत थोडाच पोचतो. "विमानातून बघा, तोच ढग वरून पांढराशुभ्र!"

मी म्हटलं, "आणि काळे होऊन न पडताच जातात, त्यांचं काय?"

"जाड झाला म्हणजे पडेलच असं नाही, ताई." हसली. गोड हसते मेली.

बुधवार, ५

नुसता राखाडी असला तर थांबावं, तळ पाटीसारखा काळानिळा झाला की पळावं — हे मला केव्हापासून ठाऊक आहे. फक्त ‘का’ ते माहीत नव्हतं. आणि मान सगळा त्या ‘का’ला! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. जळतेय मी. लिहून टाकलं एकदाचं.

शनिवार, ८

ह्यांचा हुकूम — "गच्चीचं आता धाकटी बघेल. तू इस्त्रीचं बघ."

माझ्या एका शब्दावर सगळं घर धावायचं, अशी तेवढी एकच जागा होती.

सोमवार, १०

इस्त्रीच्या टेबलाशी होते. खिडकीतून ढग दिसत होता, तळ पुरता काळानिळा. आता ओरडेल, मग ओरडेल... नाहीच! मी तोंडाला कुलूप लावून बसले. गच्ची तिची ना?

चादरी चिंब. सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. रडली. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला लिहू? जेवणही चार घास जास्तच गेलं.

मंगळवार, ११

सासूबाईंनी तिला पुन्हा छेडलं — "काल काय डोळे फुटले होते?"

चादर पिळता पिळता ती म्हणाली, "मला ढगांतलं काही कळत नाही हो, आई. सगळे सारखेच दिसतात. मी ताईंकडे बघायची. त्या वर बघून बाह्या सारायला लागल्या, की मी ओरडायची. काल त्या नव्हत्या."