दोन पांढरी झाकणं

प्रिय मामा,

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणता आठ दिवस गेले. पहिले दोन दिवस पेन सापडेना, पुढचे सहा दिवस धीर. (पेन उशीखालीच होतं.) तब्येत बरी आहे ना? विशेषतः पोट? नीट आठवून कळवा, उगाच विचारत नाही.

तुम्ही बोट राहायला दिलीत ती एकाच अटीवर: तळ्यात मैल्याचा एक थेंब गेला तर बिऱ्हाड उचलायचं, कारण तेच पाणी गावाच्या नळाला जातं. ती अट मी पाळली आहे, हे आधीच लिहून ठेवतो. आता बाकीचं.

बोट चकचकीत दिसावी म्हणून मी अख्खा डेक पांढरा रंगवला. (रंग उरला म्हणून बादली आणि माझा एक बूटही.) त्यात दोन्ही टाक्यांची झाकणंही रंगली, मैल्याचं काळं आणि पिण्याच्या पाण्याचं निळं. गुरुवारी मैला उपसायला धक्क्यावरच्या पंपाशी गेलो, तर कुठलं कुठलं कळेना. तेव्हा तुमची शिकवण आठवली: टाकीवर ठोकायचं, ठप्प वाजली तर भरलेली. एक ठप्प वाजली. नळी तिच्यात सोडली. (पिण्याची टाकी त्याच सकाळी मीच काठोकाठ भरली होती, हे हुशार माणसाला तेव्हाच आठवलं असतं.)

पंपवाल्या काकूंच्या नळीला मध्ये काचेचा तुकडा आहे, आतून काय जातंय ते दिसायला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाल्या, "अरे, बावीस वर्षांत इतका निर्मळ मैला पाहिला नाही. खातोस तरी काय?" मी लाजलो. पालेभाज्यांचे गुण सांगत बसलो. संध्याकाळी नळ कोरडा, म्हणून पुन्हा ठोकून पोकळ वाजली ती टाकी भरली.

सोमवारी तळ्याच्या मध्यावर असताना संडासच वर आला आणि मला सगळं कळलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. मैला तळ्यात सोडणारा खालचा व्हॉल्व्ह हाताशी. एक पीळ दिला की सुटका. हात गेलाही होता, मामा, खोटं कशाला बोलू. पण समोर गावाची पाण्याची टाकी दिसली, आणि वाटलं, तिथे आत्ता कुणीतरी पेला भरत असेल. हात मागे घेतला आणि बैलगाडीच्या चालीने धक्का गाठला.

काकूंनी काचेत पाहिलं. "हां, आता माणसात आलास." मग थांबून, "पण गुरुवारी माझी नळी कशात घातली होतीस रे? तिच्यातून तळ्यातल्या सगळ्या बोटींचा संडास जातो!" मी सांगितलं. त्या खालीच बसल्या.

तुमचा, तळ्यापुरता तरी स्वच्छ,
भाचा

ता. क. बोट काढून घेऊ नका. थेंब गेलेला नाही.

ता. क. दुसरा: मधल्या रविवारी तुम्ही येऊन दोन कप चहा प्यायलात, वर म्हणालात, "आज चहाला अंग आहे." ते त्या नळी घातलेल्या टाकीचं. पाणी उकळलेलं होतं, एवढंच माझ्या बाजूने. मी सोमवारपासून काठावरच्या नळाचं पितो. टाकी घासायला तुमचा लांब दांड्याचा ब्रश तेवढा पाठवा, आणि मामींना यातलं अक्षर कळू देऊ नका.

ता. क. तिसरा: ब्रश राहू द्या. तो घेऊन मामीच धक्क्यावर उतरल्यात. पंपवाल्या काकूंनीच कळवलं असणार, शेजारी उभ्या राहून त्या मामींना झाकणं दाखवतायत. मामी शांत आहेत, तेच वाईट. म्हणतात, "चहा टाक. बोटीवरच्याच पाण्याचा. एकच कप, तुझ्यापुरता."